शेपूला लपता येत नाही

दुपारी तीनच्या सुमाराला जिना चढताना वास आला. कुणाकडे तरी शेपू होता. पालक शिजला तर भिंतीपलीकडे पत्ता लागत नाही. शेपू मात्र अख्ख्या बिल्डिंगला कळवून शिजतो.

लहानपणी शाळेतून आल्यावर वर्तमानपत्रावर पसरलेली शेपूची जुडी दिसली की माझी भूक तिथेच मरायची. जेवताना भाजी भाकरीखाली दडवली तरी ढेकर चुगली करायचे. दुपारच्या तासाला शेजारचा मुलगा बाकावर हळूच सरकून बसायचा.

कोल्हापूरला आजीकडे गौरी आल्या की त्या दिवशी नैवेद्य शेपू-भाकरीचा. पुरणपोळी दुसऱ्या दिवशी. वर्षानं माहेरी आलेल्या लेकीला पहिल्याच जेवणाला शेपू? मला गौराईची फार दया यायची. आजीला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "तिनं कधी ताट सारलं न्हाई बाबा. तूच कोण मोठा लागून गेलास?"

गंमत म्हणजे त्याच्या कितीतरी आधी मी शेपू मिटक्या मारत चाटलेला असणार. ग्राइप वॉटरमध्ये शेपाचंच तर तेल! नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डनं ते १८५१ साली काढलं. आमच्या आज्या त्याला न विचारताच बाळंतिणीला जेवणानंतर बाळंतशेपा चघळायला देत आल्यात. जिरं, ओवा, बडीशेप, कोथिंबीर ही सगळी शेपूच्याच कुळातली. पण कोथिंबीरवडीच्या शेवटच्या तुकड्यासाठी भांडणारी माणसं शेपू म्हटलं की नाक मुरडतात. घराण्यात एखाद्याच्याच वाट्याला हे येतं.

तो आवडायला नक्की कधी लागला, सांगता येणार नाही. नोकरीच्या गावी खानावळीत रोजच्या बटाट्याच्या रश्श्याला विटलो होतो. एकदा ताटात शेपू आला, हात आधी गेला आणि नाक मागून पोचलं. बस, एवढंच आठवतं.

आता तर माझे नियमही झालेत. मूगडाळ भिजवलेली हवी आणि दाताखाली यायला हवी. लसूण ठेचून, सढळ हातानं. सोबत ज्वारीची भाकरी, पोळी नाही. वास बुजवायला पालकात चार काड्या शेपू घालणारे मला भेकड वाटतात. आणि त्यात वर गूळ घालणाऱ्यांकडे मी जेवायचं टाळतो.

पडवळाचं मात्र विचारू नका. तिथं अजून काहीही झालेलं नाही.