डोक्यावरची हृदयं

शुक्रवार, रात्री साडेअकरा

मोबाईलवरच्या गेमची तीच लेव्हल आज पाचव्यांदा खेळले. दोन तारे मिळतात, तिसरा हातून जातो. शेवटच्या डावात कोपऱ्यात थांबलेल्या बाईच्या डोक्यावरची हृदयं, म्हणजे तिचा उरलेला धीर, एकेक करून विझताना नुसती बघत बसले, बोट हललंच नाही. ती निघून गेली. मग मोबाईल उशीखाली सारला. सकाळपासून जे टाळत होते, ते त्या कोपऱ्यात उभं होतं.

‘डॉ. केअर्स’ या जनावरांच्या दवाखान्याच्या गेमवरून आमच्यात दिवाळीपासून वाद चालू आहे. माझी भाची पिंकी, तिचं म्हणणं, मधेमधे गोष्ट येते आणि खेळाची लय मोडते. त्यातल्या डॉक्टर एमीची रडारड संपेपर्यंत ती स्क्रीनवर बोट आपटत बसते. माझी मैत्रीण सोनल, तिचं अगदी उलट. नागपूरला सेमिनरी हिल्सच्या हॉस्टेलातही ती कादंबरी आधी आणि अ‍ॅनाटॉमी नंतर, अशीच होती. पुढं काय होतं ते कळावं म्हणून ती कुत्र्यामांजरांवर उपचार करते. एका ताऱ्यावरही खुशाल पुढं जाते. मला गोष्ट सोनलइतकीच हवी असते, पण तिसरा तारा सोडवत नाही.

एका बाबतीत मात्र दोघींचं जमतं: गेममधल्या लोकांचा धीर फार लवकर सुटतो. ‘मावशी, माणसं इतकी उतावळी असतात का? तुझ्या दवाखान्यात तर दोन-दोन तास बसतात बिचारे.’ पिंकी हे कौतुकानं म्हणाली होती. मीही कौतुक म्हणूनच घेतलं होतं.

आज अकराला पोचले. दुसऱ्या दवाखान्याचा चार्ज आहे, तिथून निघायलाच उशीर झाला. फाटकात ट्रॅक्टर आडवा. तीन गाईंचा विमा, कानात बिल्ले, फोटो, दाखला. माणूस आमच्या परिचर दत्तूभाऊंवर ओरडत होता, माझ्यावरही ओरडला. त्याला आधी घेतलं. का घेतलं? तो ओरडत होता म्हणून. दुसरं कारण सकाळपासून शोधते आहे, सापडत नाही. बिल्ल्यांना घाई नव्हती, ते उद्याही मारता आले असते. पाऊण तास गेला. मग माजावर आलेल्या दोन गाई होत्या. रेतनाची वेळ टळली तर एकवीस दिवस थांबावं लागतं, म्हणून त्या घेतल्या. ते ठीकच होतं.

आणि मग कडुनिंबाखाली आजी दिसली. बकरी आडवी, डावी कूस नगाऱ्यासारखी तटतटलेली, दात खात होती.

“काय खाल्लं आजी?”

“रेशनचे गहू वं बाई. रातच्याले कोठीचं झाकण पाडलं तिनं.”

“कधीच्या आल्या तुम्ही?”

“नऊ वाजता. तुमी कामात होत्या, म्हटलं होऊ द्या तुमचं.”

नऊ वाजता. आणि गहू तर रात्रीच पोटात गेलेले.

नळी टाकून गॅस काढला, खायचा सोडा पाजला, शिरेतून सलाईन लावलं. कुशीवर मूठ ठेवून मिनिटभर थांबले. पोटाची हालचाल मिनिटाला एक-दोनदा तरी जाणवायला हवी. काहीच नाही. पोटात पडलेलं धान्य आंबतं, आम्ल वाढतं, रक्तातलं पाणी पोटात ओढलं जातं. इथं एकेक तास मोलाचा असतो. हे मी परीक्षेत लिहून आले आहे आणि गावोगाव शिबिरांत सांगत फिरते.

आजी एकदाही रागावली नाही. रागावली असती तर मला आज झोप लागली असती.

२०२२ च्या लंपीच्या साथीत असंच व्हायचं. गुरांना टोचायची गोट पॉक्सची, म्हणजे शेळ्यांच्या देवीची, लस घेऊन गावात शिरलं की रांग लागलेली असायची, बाजार बंद, अंगभर गाठी आलेले बैल दावणीला, आणि माणसं गप्प. त्या गप्प बसण्याला मी तेव्हा समजूतदारपणा म्हटलं होतं. आता वाटतं, त्यांना ओरडून काही मिळेल असं कधी वाटलंच नसावं. बाबाही असेच होते. जाऊ दे.

माझं कोण ऐकतं, हेही मनात येऊन गेलं. दोन दवाखाने, एक परिचर, फ्रिज आहे तर लाइट नाही. तीन महिन्यांत पोळ्याचा एक दिवस सोडला तर सुट्टी नाही, तीही खांदेशेकणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या, रात्री कुणाचा तरी बैल बसला म्हणून अर्धीच. हे सगळं खरं आहे. पण ट्रॅक्टरवाल्याला आधी घेतलं ते मी, माझ्या हातानं. त्यात लाइटचा काय संबंध?

पिंकीला आणि सोनलला हृदयं लवकर उतरतात म्हणून राग येतो. मला आता तीच या गेममधली सगळ्यात चांगली गोष्ट वाटते. तिथं न बोलणाऱ्याच्याही डोक्यावर त्याचं थांबणं दिसतं. श्रीमंत असो, म्हातारी असो, सगळ्यांनाच हृदयं. एमीला ओरडणारा शोधावा लागत नाही आणि गप्प बसलेला तिच्या नजरेतून सुटत नाही. आमच्या कडुनिंबाखाली तसं काही दिसत नाही, तिथं जाऊन वाकून बघावं लागतं.

बघता येतं, हेही खरं. पाच मिनिटांचं काम. संध्याकाळी दत्तूभाऊंना सांगितलं, उद्यापासून केसपेपर फाडायच्या आधी आवारात एक फेरी मारायची, प्रत्येक जनावराची डावी कूस बघायची, श्वास बघायचा, कधी आलात ते विचारायचं. जे आडवं झालंय ते आधी, बिल्ले शेवटी. ते म्हणाले, “हाव, पण लोक बोंबलतीन मॅडम.” म्हटलं, बोंबलू द्या, माझ्याकडे पाठवा.

आठ वाजता आजीच्या नातवाला फोन लावला होता. बकरी उठून बसली आहे, पाणी प्यायली. रवंथ करते का विचारलं तर तो गोठ्यात बघायला गेला आणि तेवढ्यात रेंज गेली.

सकाळी साडेसहाला निघाले तर दवाखाना उघडायच्या आधी तिच्याकडे होऊन येईन. सोडा आणि सलाईनची एक बाटली पिशवीत भरून ठेवली आहे.