शंभर रोजांचं देणं

८ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मोत्सव, आणि त्यानंतरच्या शनिवार-रविवारी हरेगावची मतमाउली यात्रा. नगर जिल्ह्यातल्या आम्हा ख्रिस्ती लोकांचं हे पंढरपूर. १९४९ पासून यात्रा भरते आहे. श्रीरामपूरजवळचं हे गाव पूर्वी बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यासाठी ओळखलं जायचं. कारखाना थांबला, यात्रा मात्र वाढतच गेली. गाड्या भरभरून लोक येतात, त्यात नवस फेडायला आलेली हिंदू कुटुंबंही भरपूर. पण आमच्या गावात अजून चालत जाणारे आहेत.

राहुरीहून शुक्रवारी दुपारी निघालो. पुढे हातगाड्यावर मरियामातेची मूर्ती, झेंडूच्या माळा, मागे टाळ-ढोलकी. पूर्वा नक्षत्राचा पाऊस रात्री झोडपून गेला होता. राहुरी फॅक्टरीपर्यंत हायवे, मग देवळाली प्रवराकडे वळलं की दोन्ही बाजूंना ऊस. रस्त्याच्या कडेला पाय टाकला की काळी माती चपलेला अशी धरते की शेवटी बायांनी चपला काढून पिशवीत घातल्या.

शुक्रवार म्हणून जपमाळेत दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखाचे पाच प्रसंग, होती. पाचवं रहस्य क्रुसावरच्या मरणाचं. "हे बापा, त्यांची क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही," असं म्हणणारा येशू डोळ्यांसमोर आणायचा. मी आणला. पण माझ्या चुलतभावाला आपण काय करतोय हे पक्कं समजत होतं. दर पेरणीला बांध थोडा थोडा कोरून त्याने आमच्या बाजूचे दोन-अडीच हात घेतले होते. बोलणं बंद. लग्नाला जाणं बंद. एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसायचं आणि मिस्साच्या प्रार्थनेत एकमेकांना शांतीची खूण करताना भलतीकडेच बघायचं, हेही अंगवळणी पडलेलं.

आमच्यासोबत एक मामा होते. उभं आयुष्य ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम, त्यामुळे हिशेब तोंडावर. चहाला थांबलो तेव्हा कुणीतरी मत्तयच्या अठराव्या अध्यायातला दृष्टान्त काढला. राजाने चाकराचं दहा हजार तालान्तांचं कर्ज सोडलं, आणि त्याच चाकराने बाहेर येऊन सोबत्याचा शंभर दिनारांसाठी गळा धरला. मामांनी विचारलं, तालान्त म्हणजे किती? आमच्यातली एक ताई धर्मशिक्षण शिकवते. ती म्हणाली, साधारण सहा हजार दिनार, आणि एक दिनार म्हणजे एक दिवसाची मजुरी. मामा बोटांवर मोजत राहिले. "म्हणजे सहा कोटी रोज. एकबी खाडा न करता दीड लाख वर्षांच्या वर. हे कोण फेडणार?"

सगळे हसले. मामा नाही हसले. म्हणाले, "पण शंभर रोज बी थोडे नव्हं. तीन-सव्वातीन महिन्यांची मजुरी हाय. माझ्या टोळीतल्या गड्याची कुणी एवढी बुडवली असती, तर म्याच त्याचा गळा धरला असता."

हे मी कुठल्याही प्रवचनात ऐकलं नव्हतं. तिथे ते शंभर दिनार चिल्लर असल्यासारखे सांगतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आपलं दुःखही चिल्लर ठरवलं जातंय. येशूने रक्कम शून्य ठेवलेली नाही. नुकसान खरं आहे. फक्त ते वसूल करायला निघालेला माणूस नुकताच केवढं माफ करून घेऊन आलाय, हे तो दाखवतो. प्रवरेचा पूल ओलांडून बेलापुरात मुक्कामाला पोचेपर्यंत मी बांधाचा विचार करत होतो, पण पहिल्यांदाच स्वतःचा हिशेबही शेजारी मांडून. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

शनिवारी दुपारी हरेगावात पोचलो. पाळणे, रेवड्यांची दुकानं, मेणबत्त्यांचे ढीग, माणसाला माणूस चिकटलेलं. एका बाजूला झाडांखाली प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून फादर पापनिवेदन ऐकत बसले होते. रांग लांब होती, पण उभा राहिलो. बांधाची गोष्ट सांगितली. वाटलं, आता म्हणतील जमीन सोडून द्या. मला त्याचीच धास्ती होती, कारण सरकारी मोजणीचे पैसे मी भरून ठेवले होते.

फादर म्हणाले, "मोजणी करा ना. खोटं ते खोटंच. पण त्याचं वाटोळं व्हावं असं मनात येतं का?" मी हो म्हणालो. म्हणाले, "तेवढं सोडा. प्रायश्चित्त म्हणून त्याच्या घरच्यांसाठी एक जपमाळ म्हणा. एकेकाचं नाव घेऊन."

चर्चच्या भिंतीला टेकून बसलो. चुलतभाऊ, त्याची बायको, थोरला मुलगा, आमची म्हातारी चुलती. मग त्याची धाकटी मुलगी. ती जन्मली तेव्हा अबोला होता, नामकरणाला आम्ही गेलो नव्हतो. रस्त्यात दिसली की मी 'त्याची पोरगी' एवढंच म्हणायचो. नाव माहीत नव्हतं. बायकोला विचारलं, तिलाही नाही.

फोन लावला. त्याने उचलला, पण बोलेना. मीच म्हणालो, "धाकटीचं नाव काय रे?"

"कशाला?"

"माळेत घ्यायचंय. हरेगावला आलोय."

मागे लाउडस्पीकरवर गाणं इतकं जोरात होतं की त्याला दोनदा सांगावं लागलं. त्याने नाव सांगितलं. मग म्हणाला, "मोजणीची नोटीस आलीय मला. या तुम्ही. पण दगड हाय तिथंच राहणार, सांगून ठेवतो."

"मोजणीवाला सांगेल ते," मी म्हणालो, आणि नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं.