आमची पिचर दहावीत गेली

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि पहिल्या आठवड्यात आमच्या सॉफ्टबॉल टीमची पिचर, म्हणजे बॅटरला बॉल टाकणारी मुलगी, ग्राउंडवर आली नाही, दुसऱ्या आठवड्यात पण नाही, मग एक दिवस तिची आई भाजी बाजारात भेटली आणि म्हणाली ताई, आता नाही येणार ती, दहावी आहे ना. बस एवढंच. भांडण नाही, कुणी रागावलं नाही, पोरीचा काही निरोप पण नाही. दहावी आहे म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न कोणी विचारतच नाही, मीही तेव्हा नाही विचारला, कोथिंबिरीची जुडी घेतली आणि घरी आले आणि रात्रभर मला झोप नाही आली.

मी जळगावची. शाळेत असताना सॉफ्टबॉल खेळायला लागले, कॅचर होते, म्हणजे बॅटरच्या मागे बसून पिचरचा बॉल पकडणारी, राज्य स्पर्धेपर्यंत खेळले, आणि आता नोकरी सांभाळून संध्याकाळी आमच्या सरांना मदत करते, मुलींची प्रॅक्टिस घेते. १० वर्षं झाली याला. दरवर्षी तेच बघते. १४ वर्षांखालच्या टीमला २० पोरी असतात, कुणाला बाहेर ठेवायचं हा प्रश्न. १७ ला कशाबशा १२. आणि १९ ला ९ जणी उभ्या करायला दोन कॉलेजांत फिरावं लागतं, त्यात दोघी अशा की ज्यांनी ग्लोव्ह आठवडाभर आधी पहिल्यांदा हातात घातलाय.

ज्यांनी हा खेळ बघितला नाही त्यांना एक गोष्ट सांगते, कारण त्याशिवाय पिचर जाणं म्हणजे काय ते कळणार नाही. सॉफ्टबॉलमध्ये बॉल खालून टाकतात, पण हात पूर्ण गोल फिरवून, पवनचक्कीसारखा, आणि मनगट मांडीजवळ आलं की बॉल सुटतो. बायकांच्या मॅचमध्ये पिचर आणि होम प्लेट, म्हणजे बॅटर उभी असते ती जागा, यांच्यात ४३ फूट अंतर असतं, बॅटरला विचार करायला वेळच मिळत नाही. हे चार महिन्यांत येत नाही हो. आधी वर्षभर नुसता हात फिरवायचा, बॉल कधी डोक्यावरून जातो कधी पायाशी पडतो, मग स्ट्राइक, म्हणजे बॅटरला मारता येतील अशा जागेतून जाणारे बॉल, पडायला लागतात, मग वेग, मग चेंजअप, म्हणजे तसाच हात फिरवून टाकलेला फसवा हळू बॉल. आमच्या पोरीला चार वर्षं लागली. रोज १०० बॉल, आणि समोर मी बसलेली. तिचा बॉल ग्लोव्हमध्ये आला की जो आवाज यायचा ना, पलीकडे क्रिकेट खेळणारी मुलं थांबून बघायची. तर अशी मुलगी १५ व्या वर्षी गेली की एक खेळाडू जात नाही, अख्खी टीम जाते. आऊटफिल्डला, लांबच्या फिल्डिंगला, कुणीही उभी करता येईल, पिचर कुठून आणणार? मग मॅच म्हणजे नुसते वॉक, बॉल बाहेर जातात म्हणून बॅटर न मारताच पहिल्या बेसवर, फिल्डिंगच्या पोरी उन्हात उभ्या, त्यांनाही कंटाळा, आणि दोन महिन्यांत अजून तिघी कमी.

जपानची युकिको उएनो आहे ना, तिने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन दिवसांत तीन मॅच मिळून ४१३ पिच टाकले आणि अमेरिकेला हरवून गोल्ड घेतलं. आणि त्यानंतर १३ वर्षांनी टोकियोच्या फायनलमध्ये परत तीच, वय ३९, परत समोर अमेरिका, परत गोल्ड. तिकडे कंपन्यांच्या टीम आहेत, शाळा-कॉलेज संपलं तरी खेळायला जागा आहे, म्हणून ३९ ला ती तिथे उभी होती. आमच्या पोरीला मी हे सांगितलं होतं आणि तिने उएनोचे व्हिडिओ बघून बघून तिची पाय टाकायची पद्धत उचलली होती. आणि आमच्या पोरीची कारकीर्द १५ ला संपली.

आता का जातात? लोक म्हणतात मुलींचा इंटरेस्ट जातो. हे मला अजिबात पटत नाही. ज्या पोरी ४४ डिग्रीच्या मे महिन्यात पहाटे साडेपाचला येऊन ग्राउंडला पाणी मारतात त्यांचा इंटरेस्ट जूनमध्ये एकदम कसा जाईल?

मला वाटतं घोळ सुरुवातीलाच होतो, आपण त्यांना खेळायला बोलावतो तेव्हाच. पालकांना आम्ही काय सांगतो? पाठवा हो, दहावीला क्रीडा गुण मिळतात, सर्टिफिकेट मिळतं, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मी स्वतः शेकडो वेळा हेच बोललेय, कारण दुसरं काही बोललं तर आईबाप पाठवतच नाहीत. मग झालं काय, की आठवीत-नववीत पोरगी विभाग जिंकून राज्याला खेळली, गुणांपुरतं सर्टिफिकेट फाइलला लागलं, आणि आईबापांच्या हिशोबाने काम झालं. आता कशाला जायचं? त्यांचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही, आम्हीच त्यांना तसा हिशोब शिकवला. मुलगी चांगली खेळते, तिला आवडतं, तिचा खांदा आणि तिची मान दोन्ही ताठ झालीय, हे कारण म्हणून आम्ही कधी ठेवलंच नाही समोर.

माझी मामेबहीण न्यू जर्सीला असते. तिची मुलगी तिथे सॉफ्टबॉल खेळायची, तिथल्या क्लबच्या टीममध्ये, ग्राउंड हिरवंगार, पिचिंगला वेगळा कोच, दर शनिवार-रविवार गाडीने दुसऱ्या गावी टूर्नामेंट, एका दिवसात तीन तीन मॅच. मला वाटायचं काय नशीबवान पोरगी. तिनेही १४ व्या वर्षी सोडलं. खांदा दुखायचा, शाळेतल्या मैत्रिणींचा एकही वाढदिवस तिला मिळायचा नाही, आणि घरात सतत कॉलेजच्या स्कॉलरशिपचं बोलणं. तिने आईला सांगितलं की मला बॅटिंगला उभं राहिलं की पोटात दुखतं. म्हणजे सगळ्या सोयी असूनही सोडलं. तिकडे स्कॉलरशिप, इकडे गुण, मधल्या मधे पोरीला नुसतं खेळायचं होतं ते राहिलं.

पण म्हणून सोयींचं महत्त्व कमी आहे असं नाही, आमच्याकडे तर ती यादी काढली की डोकं फिरतं. डिसेंबरमध्ये सहाला अंधार पडतो, ग्राउंडवर लाइट नाही, क्लास साडेपाचला सुटतो, मग प्रॅक्टिस कधी करायची? ग्राउंडवर टॉयलेट आहे पण त्याला कुलूप, चावी शिपाईकाकांकडे, आणि १३ वर्षांची मुलगी पाळीच्या दिवसात शिपाईकाकांकडे चावी मागायला जाते का? नाही जात. ती घरीच राहते, महिन्यातले चार दिवस, मग सर विचारतात का नाही आलीस, ती खाली बघते, आणि सरांना वाटतं ही सिरियस नाही. त्यात कुणीतरी टीमचा ड्रेस पांढऱ्या पँटचा शिवलेला. मी टीमची जबाबदारी घेतल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर पँट काळ्या केल्या. त्या महिन्यात हजेरी वाढली, खरंच सांगते.

आणि स्लाइड. मुरमाच्या ग्राउंडवर पळत येऊन बेसवर स्लाइड मारली, म्हणजे जमिनीवरून घसरत बेस गाठला, की मांडीची सालटी निघतात. मुलांना त्याचा अभिमान. मुलीच्या आईला मात्र आधी डाग दिसतो. एका आईने मला सरळ विचारलं होतं की हा डाग राहिला तर पुढे कोण बघणार हिला. मी काय उत्तर देणार, माझ्या स्वतःच्या गुडघ्याखाली अजून आहे तसला डाग, मी पायजमा वर करून दाखवला. ती पोरगी अजून दोन वर्षं खेळली.

बाहेरगावची स्पर्धा असली की मुलींबरोबर बाई पाहिजे, बाई मिळाली नाही तर टीमच जात नाही असं दोनदा झालंय. आणि आता नवीन एक. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नवी मुंबईत क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला, मी रडले त्या रात्री, पण पुढच्याच आठवड्यात आमच्या शॉर्टस्टॉपचे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे फिल्डिंग करणाऱ्या पोरीचे, बाबा आले आणि म्हणाले खेळायचंच तर क्रिकेट का नको, त्यात नाव आहे, पैसा आहे. मी म्हटलं सॉफ्टबॉल पण लॉस एंजेलिस २०२८ ला ऑलिंपिकमध्ये आहे. ते म्हणाले हो, पण आधी होता मग काढला, मग टोकियोला आणला, पॅरिसला परत काढला, २०३२ चं काय? बरोबर आहे त्यांचं. असं येऊन जाऊन असलेल्या खेळावर कोण भरवसा ठेवणार.

एक आमचीही चूक लिहिते. जिंकायचं म्हणून आम्ही वर्षानुवर्षं त्याच ९ जणींना खेळवलं. बाकीच्या पोरी बेंचवर बसून बाटल्या भरायच्या, टाळ्या वाजवायच्या. सोडून जाणाऱ्यांत सगळ्यात जास्त त्याच असायच्या आणि त्यांच्या घरी जाऊन कुणी विचारलंही नाही का गं येत नाहीस.

यंदा मी गेले. पिचरच्याच घरी गेले, ऑगस्टमध्ये. काकू, तिला रोज नका पाठवू म्हटलं, फक्त रविवारी सकाळी ७ ते ८, मी घ्यायला येते, सोडायला येते, एकही मॅच नाही, सर्टिफिकेट नाही, नुसतं खेळायला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या नुसतं खेळायला म्हणजे? मी म्हटलं म्हणजे नुसतं खेळायला. आतून पोरगी ऐकत होती, पडद्याखाली तिचे पाय दिसत होते.

चार रविवार झाले, तीनदा आली. बॉल थोडे बाहेर जातायत, दोन महिन्यांत हात विसरला नाही पण पाय उशिरा पडतो. तिच्या शेजारी एक सहावीतली पोर उभी करतो आम्ही, ती नुसता हात फिरवते, आणि मोठी तिचं कोपर धरून सांगते की मनगट इथे सोड, इथे. दोघींना एकाच वेळी कॅच करायला माझे गुडघे आता ऐकत नाहीत, म्हणून जळगावात कुणी जुनी कॅचर हे वाचत असेल तर रविवारी सकाळी ये गं, मास्क आणि लेगगार्ड आहेत आमच्याकडे, ग्लोव्ह तेवढा तुझा आण.