एनजीसी 4490/4485: तारानिर्मिती वाढली की फिल्टरने फसवलं?

एनजीसी 4490 आणि 4485 या एकमेकींना धडकलेल्या दोन दीर्घिका. मागच्या नोंदीत त्यांच्या एच-अल्फातल्या (नव्या ताऱ्यांभोवतीच्या हायड्रोजनच्या लाल प्रकाशातल्या) उजळपणाचं गुणोत्तर दिलं होतं, ते रद्द समजा. 4485 आणि दोघींमधला पूल एच-अल्फात 4490च्या मानाने इतका उजळ येत होता, की टक्करीने पेटलेली तारानिर्मिती सापडली असंच वाटावं. चोर निघाला 3 नॅनोमीटरचा (एवढाच रुंद पट्टा आत सोडणारा) फिल्टर.

एच-अल्फा रेषा 656.28 नॅनोमीटरला. 4490 सेकंदाला सुमारे 565 किमी वेगाने दूर जाते, तिची रेषा 657.5 वर पडते. 4485 सुमारे 493 किमी, रेषा 657.36. फिल्टर कागदोपत्री 657.8 पर्यंत उघडा. पण एफ/4 न्यूटनियन (आरशाच्या) दुर्बिणीत कडेचे किरण 7 अंश तिरके येतात. फिल्टरचा प्रभावी अपवर्तनांक 2 धरला तर पट्टा सरासरी 0.6 नॅनोमीटर निळ्याकडे सरकतो आणि वरची कड 657.2 वर येते. दोन्ही रेषा फिल्टरच्या उतरत्या कडेवर, 4490 जास्त खाली. तिच्या तबकडीची आपल्यापासून दूर फिरणारी बाजू तर आणखीच मरते.

2015च्या टायनी टायटन्स सर्वेक्षणात 50 किलोपार्सेकच्या (सुमारे 1.6 लाख प्रकाशवर्षांच्या) आतल्या बटू दीर्घिकांच्या जोड्यांचा तारानिर्मिती दर एकट्या दीर्घिकांच्या सरासरी 2.3 पट भरला होता. आपला फिल्टरच निम्मा प्रकाश खात असेल, तर त्या 2.3 बद्दल बोलायचं कशाला? फिल्टर तिरका करून उपयोग नाही, पट्टा निळ्याकडेच जातो. विक्रेते समांतर किरणांचा आलेख छापून मोकळे होतात; एफ/4चा मागून घ्या, देत नसतील तर दुसरीकडे जा.

कंटिन्यूअम वजाबाकी (एच-अल्फा चित्रातून ताऱ्यांचा साधा प्रकाश काढून टाकणं) मात्र जमली. आर स्टॅकचे (लाल फिल्टरमधून घेऊन एकत्र केलेल्या छायाचित्रांचे) तारे एच-अल्फाइतके फुगवले आणि वजाबाकीचा गुणक काढताना ए वर्गाचे तारे वगळले (त्यांच्यात हीच रेषा खोल शोषलेली असते, गुणक खाली येतो). ताऱ्यांभोवतीची काळी कडी गेली.

आता 7 नॅनोमीटरचा फिल्टर. शेजारच्या नायट्रोजन रेषांचा प्रकाश घुसेल ही भीती होती, पण सरकलेला पट्टा 659.2 ला संपतो आणि 4490ची जोरदार नायट्रोजन रेषा 659.6 वर. सरकण्याचा इथे चक्क फायदा! आत येते ती 656.0 वरची दुसरी नायट्रोजन रेषा, जोरदार रेषेच्या तिसऱ्या हिश्शाची.

लिहिता लिहिता सुचलं: 3 नॅनोमीटर एनजीसी 4449 या दीर्घिकेसाठी ठेवावा. वेग सेकंदाला सुमारे 207 किमी, रेषा 656.7, बिनधास्त आत. तिला भिडलेल्या 4449बी या बटू दीर्घिकेचा प्रवाह जुन्या ताऱ्यांचा, एच-अल्फात शोधू नका. त्यासाठी अमावस्येच्या आसपास वेगळा एल (सगळा दृश्य प्रकाश घेणारा) स्टॅक लागेल. आधी 4449, मग 4490 पुन्हा.