मुंढा वर घेतला आणि कुर्ता बसला

चौथा मांजरपाट, म्हणजे स्वस्त कोऱ्या कापडाचा चौथा ट्रायल कुर्ता, बसला! काल रात्री साडेअकराला तो घालून स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्यात वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा तीनदा काढला, तीनदा ठेवला. कुर्ता जागचा हलला नाही. महिनाभराच्या डोकेफोडीनंतर हे झालंय, म्हणून सविस्तर लिहितेय.

स्वतःच्या मापाचा कुर्त्याचा पॅटर्न बनवताना मागच्या वेळी तिसऱ्या ट्रायलवर अडले होते. छाती ४१, म्हणून ४१ वर कटिंग केलं. खांदा उतरत होता, गळा मागे पळत होता आणि तरीही बगलेत काचत होतं. दुकानातही गेली चार-पाच वर्षं हेच चाललंय. एल घेतला की छातीवर ताणतो, एक्सएल घेतला की खांद्याची शिलाई दंडावर येते. मग सैल, बिनआकाराचं काहीतरी उचलायचं आणि आपल्याला हेच शोभतं असं मनाला पटवायचं. निफ्ट या फॅशन संस्थेने भारतीय मापांचा तक्ता बनवण्याच्या इंडियासाइझ प्रकल्पात सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या माणसांची मापं स्कॅनरने घ्यायचं काम हाती घेतलं, ते मला फार मोलाचं वाटतं. सत्तेचाळिसाव्या वर्षीचं शरीर म्हणजे पंचविशीचं शरीर चहूबाजूंनी फुगवलेलं नव्हे. हाडं तीच असतात, वाढतं ते पुढून आणि पोटावर.

पहिला धागा तिथेच सापडला. टेप बगलेतून वर घेऊन छातीच्या वरचं माप काढलं, ते ३७ आलं. म्हणजे खाली चार इंचांचा फरक. बरेचसे तयार पॅटर्न दोन इंचांचा फरक धरून काढलेले असतात. म्हणून खांदा, गळा आणि मुंढा (बाही जोडायची बगलेची गोलाई) ३९ च्या, म्हणजे ३७ अधिक दोनच्या मापाने काढले आणि उरलेले दोन इंच फक्त पुढच्या भागात, प्रत्येक बाजूला एक, कागद कापून उघडून घातले. उघडलेली जागा बाजूच्या टक्समध्ये, म्हणजे आकारासाठी घातलेल्या चुणीत, गेली. खांदा त्याच दिवशी जागेवर आला.

बगल मात्र ऐकेना. हात वर केला की सगळा कुर्ता वर, आणि बगलेपासून मानेपर्यंत एक तिरकी चुणी. ओळखीच्या टेलरना दाखवलं, ते म्हणाले, "मुंढा खोल करा, ताई." साडेसात इंचांचा मुंढा नऊ केला. चुणी वाढली! दोन दिवस मशिनकडे पाहिलंसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी एक जुनं, छान बसणारं ब्लाऊज उसवायला घेतलं आणि लक्षात आलं की त्याचा मुंढा अगदी बगलेला लागून आहे, तरी त्यात हात मोकळा फिरतो. खोल मुंढ्यात बाही थेट बरगडीपाशी जोडलेली असते. हात उचलला की बाही अंगाचं कापड घेऊनच वर जाते. म्हणजे उपाय उलटा होता. चौथ्या मांजरपाटात मुंढा परत साडेसातवर आणला आणि बाहीच्या गोलाईची उंची सहावरून पाच इंच केली. कॉम्प्युटरसमोर वीस वर्षं बसून खांदे पुढे आलेत, त्यासाठी खांद्याच्या टोकाला पुढून अर्धा इंच काढून तो मागच्या भागाला जोडला. बाहीची मधली खूणही तेवढीच पुढे सरकवली, हे विसरू नका. ते राहिलं की बाही पिळते. माझी तिसऱ्या ट्रायलला पिळली होती.

कापडाबद्दल थोडं. 'प्युअर कॉटन' म्हणून घेतलेल्या निळ्या कापडाचा धागा जाळला तर टोकाला कडक मणी धरला. सुती धागा कागदासारखा जळतो, राख चिमटीत विरते. त्या दुकानात परत जाणार नाही. बटणं आणि लेस मात्र पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीतूनच घ्या. आणि पॅटर्नला खाकी कागदच वापरा. वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या कापडाला लागते.

आता बेत असा होता की पहिला खरा कुर्ता गुळेदगुड्डच्या खणाचा शिवायचा. पण खणाचा पन्हा अरुंद, त्यात ही गोलाई कापली तर कापड फुकट जाईल. लिहिता लिहिताच सुचतंय, खणाचा कळीचा कुर्ता करावा. सरळ पट्ट्या, बाजूला कळ्या आणि बगलेत चौकोनी तुकडा, म्हणजे मुंढ्याची गोलाईच नाही. त्या तुकड्यामुळे हातही मोकळा राहतो. खण मग थांबू दे. या पॅटर्नवर आधी गडद जांभळी मंगळगिरी (आंध्रचं हातमागाचं सुती कापड) कापते. जांभळा मी कधीच घेतला नाही, कायम राखाडी आणि बेज. परवा तो पीस खांद्यावर टाकून आरशात पाहिलं आणि किती वेळ तिथेच उभी राहिले.

मंगळगिरी भिजवून वाळत टाकलीय. सुकली की उद्या कटिंग. माया (शिलाईबाहेरचं जादा कापड) बाजूंना एक इंच ठेवतेय, खांद्याला अर्धा. ज्यांनी बाहीच्या गोलाईची उंची पाचपेक्षाही कमी करून पाहिली आहे, त्यांनी दंडावर कापड किती लोंबतं ते सांगा, म्हणजे कात्री लावण्याआधी बदलता येईल.