तुम्ही विचारलंत म्हणून: पेपरात आलंय ते खरं का?

निफाड तालुक्यात बातम्या गोळा करत हिंडतो, त्यामुळे टपरीवर हा प्रश्न ठरलेला: ‘भाऊ, पेपरात छापून येतं त्यावर कितपत विश्वास ठेवायचा?’

लासलगावच्या कांद्याचे भाव आम्ही छापतो, त्यावर कुणी शंका घेत नाही. शेतकरी स्वतःच ट्रॅक्टर घेऊन लिलावात उभा असतो; चुकलं तर दुपारच्या आत फोन येतो, शिव्यांसकट. त्याच पानावर ‘अमुक भाऊंचा झंझावाती दौरा’ दिसला की मात्र तोच वाचक गालात हसतो.

टीव्हीवरच्या आरडाओरड्याने विश्वास गेला, असं शहरातले लोक म्हणतात. मला नाही पटत. गावाला हे केव्हाच कळलं होतं. तालुक्याच्या वार्ताहराचं मानधन नावापुरतं, पोट जाहिरातीच्या कमिशनवर. ज्या पुढाऱ्याकडे वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिरात मागायची, त्यालाच पाणीयोजनेचा पैसा कुठे मुरला हे विचारायचं कोणत्या तोंडाने?

2009 च्या विधानसभेला तर पैसे घेऊन उमेदवाराची जाहिरात बातमी म्हणून छापायची रीतसर पॅकेजं झाली. उमेदवाराची खर्चमर्यादा तेव्हा 10 लाख. जाहिरात दिली तर ती खर्चात धरणार, बातमी म्हणून छापून आणली तर नाही. एकच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत बातमी म्हणून जसाच्या तसा आल्याचं पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा दाखवून दिलं. पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने दोघांची समिती नेमली. त्यांनी पेपरांच्या नावानिशी अहवाल दिला, पण 2010 मध्ये कौन्सिलने तो पूर्ण बाहेर येऊ दिला नाही. केंद्रीय माहिती आयोगाने आदेश दिला तेव्हा, 2011 मध्ये, तो लोकांना वाचायला मिळाला. राखणदारानेच चोरांची नावं झाकली, मग वाचकाला दोष कसा द्यायचा?

पण पेपर सोडून माणसं गेली कुठे, तर मोबाइलकडे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षेसाठी आलेल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. पोरं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा फोनवर फिरत होती. पेपरात चुकीचं आलं तर माझी कॉलर तरी धरता येते. अफवेची कुठून धरणार?

बाकी, ‘सगळे पेपर विकले गेलेत’ म्हणणारेच एसटीची फेरी बंद झाली की निवेदन घेऊन माझ्या दारात येतात. वर सांगतात, फोटो जरा मोठा टाका.