दशांश मिलिमीटर

फ्रान्समधल्या ग्रनोब्लमध्ये ड्राक आणि इझेर या नद्यांच्या संगमापाशी 844 मीटर घेराचं एक कडं आहे. ते युरोपातल्या देशांनी मिळून उभारलेलं सिंक्रोट्रॉन. त्यात प्रकाशाच्या वेगाजवळ पोचलेले इलेक्ट्रॉन वळवले, की प्रखर क्ष-किरण मिळतात. तिथे आठ-आठ तासांच्या पाळ्या असतात. कित्येक महिने आधी अर्ज करावा लागतो आणि पाळी मिळाली की रात्र, दिवस काही बघायचं नाही. घरचे फोनवर नेहमी याच कड्याबद्दल विचारतात. पण मी शिक्षक म्हणून घडलो तो विद्यापीठाच्या तळघरातल्या, कपाटाएवढ्या क्ष-किरण यंत्रापाशी.

एका विद्यार्थिनीने तिथे ऑक्साइडची पूड तपासायला घेतली होती. खलात बारीक केलेली, काचपट्टीने दाबून बसवलेली. पुडीवर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक कोनांनाच जोरात बाहेर पडतात; आलेखात तिथे शिखरं दिसतात, लहान कोन डावीकडे, मोठे उजवीकडे. या वेळी शिखरं अपेक्षेपेक्षा मोठ्या कोनाला आली. मी लगेच समजावून सांगितलं: लहान अणू आत शिरलेत, अणूंच्या थरांमधलं अंतर आक्रसलंय, म्हणून कोन वाढला. तो कोन आणि ते अंतर जोडणारं ब्रॅगचं समीकरणही फळ्यावर लिहून दाखवलं.

ती बराच वेळ आलेखाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण डावीकडची शिखरं जास्त सरकलीत आणि उजवीकडची कमी. अंतर आक्रसलं असतं तर उलट व्हायला हवं ना?"

तिचं बरोबर होतं. आम्ही पुडीत थोडं सिलिकॉन मिसळून पुन्हा मोजणी केली. सिलिकॉनचे कोन पक्के ठाऊक असतात. यंत्रातल्या तांब्यापासून निघणाऱ्या क्ष-किरणांना त्याचं पहिलं शिखर 28.44 अंशांवर यायला हवं, तेही पुढे सरकलेलं! सिलिकॉन कशाला आक्रसेल? पूड साच्याच्या काठापेक्षा जेमतेम दशांश मिलिमीटर वर राहिली होती. आमच्या यंत्रात तेवढ्याने कोन सुमारे 0.07 अंशांनी चुकतो. असल्या आकड्यावर लोक नवा पदार्थ जाहीर करून बसतात.

लॉरेन्स ब्रॅगने ते समीकरण मांडलं 1912 साली, वयाच्या 22 व्या वर्षी. इतकी वर्षं शिकवूनही हे मला त्या दिवशीच खरं जाणवलं, की समोर बसलेली मुलं त्याच वयाची असतात. तेव्हापासून वर्गात आलेख आधी दाखवतो आणि गप्प बसतो. मुलं बोलेपर्यंतची ती दोन-तीन मिनिटं फार जड जातात, पण मला तीच सगळ्यात प्रिय आहेत.

गेल्या खेपेला सिंक्रोट्रॉनवर आम्हाला रात्रीची पाळी होती. ती विद्यार्थिनी सोबत होती. किरण सुरू व्हायच्या आधी तिने पहिला नमुना लावला, तो सिलिकॉनचा.